ह्यांना विचारून सांगते

माझी वहिनी शहरात येऊन वर चढली की खाली उतरली, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. एरवी मला ठरवायला वेळ लागत नाही. मी एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसते. आलेल्या माणसाचा चेहरा पाहून दुखणं दाढेचं की हिरडीचं हे मी डॉक्टरांच्या आधी सांगते. निम्म्या वेळा चुकते, पण सांगते. वहिनीच्या बाबतीत मात्र माझी मती गुंग होते. तिच्याबद्दल एक मत करून झोपावं, तर सकाळी उठल्यावर त्याच्या बरोबर उलट वाटायला लागतं.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन गावच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होते. दादा त्या वेळी शेती बघायचा आणि जोडीला लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त करून द्यायचा. उंचापुरा, कमी बोलणारा माणूस. बघणाऱ्याला वाटायचं, घर याच्यावर उभं आहे. घर उभं होतं त्याच्यावर हे खरं, पण चालवायची ती. कुठल्या तुकड्यात काय पेरायचं, गाय विकायची की ठेवायची, पंप कुणाला उधार द्यायचा आणि कुणाला बिघडलाय म्हणून सांगायचं, सगळं तिच्या डोक्यातून निघायचं. भावकीतल्या दोघांची बांधावरून जुंपली की ते दादाकडे यायचे. दादा दोघांचं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, थांबा, जरा पाणी पिऊन येतो. आत स्वयंपाकघरात वहिनी. मधली भिंत कसली, नुसता आडोसा, त्यामुळे बाहेरचा शब्दन् शब्द तिने ऐकलेला असायचा. दादा पाणी पिऊन बाहेर यायचा आणि निकाल द्यायचा. हा निकाल कुणाचा आहे हे न कळण्याइतकं गावात कुणी दूधखुळं नव्हतं. बायकोच्या ओंजळीनं पाणी पितो, असं लोक त्याला हसायचे आणि पुढच्या भांडणाला पुन्हा त्याच्याच दारात यायचे, कारण निकाल चांगले असायचे.

उलट बाजूनेही हाच शिष्टाचार. वहिनीला कुणी काही मागितलं, की शिवणयंत्र दोन दिवस देता का, मुलीला आमच्याबरोबर पाठवता का, तर तिचं उत्तर ठरलेलं. "ह्यांना विचारून सांगते." विचारायची कधीच नाही. द्यायचं नसलं की दुसऱ्या दिवशी सांगायची, हे नको म्हणाले. द्यायचं असलं की हे हो म्हणाले. आपण काय म्हणालो ते दादाला बहुतेक वेळा रस्त्यात लोकांकडून कळायचं. तोही पक्का. हो, म्हणालो खरा, असं म्हणून पुढे चालायला लागायचा. फार तर माहेरी जायची बॅग भरून, चपला घालून झाल्यावर वहिनी त्याला म्हणायची, जाऊन येऊ का? आणि तो म्हणायचा, ये. मला वाटायचं, याहून सोयीचा संसार जगात नसेल.

शहरात यायचं ठरलं तेही असंच. छोटी, म्हणजे त्यांची मुलगी, हुशार निघाली आणि गावची शाळा चार इयत्तांवर संपत होती. मी लग्न करून आधीच शहरात आले होते. बसच्या डेपोत पंप-इंजिनाची जाण असलेली माणसं हवी आहेत हे मीच फोन करून कळवलं. दादा म्हणाला, बघतो. मग फोन तसाच ठेवून पाणी प्यायला गेला. मग म्हणाला, येतो आम्ही. लोकांनी दादाच्या धाडसाचं कौतुक केलं. आमचे बाबा मात्र वर्षभर त्याच्याशी धड बोलले नाहीत. तू घर मोडलंस, असं ते त्याला दहा माणसांत म्हणाले आणि दादा खाली मान घालून उभा राहिला. मी तेव्हा बाबांवरच चिडले होते, कारण मला बाबांवर चिडायची सवय होती.

शहरात त्यांना तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. स्वयंपाकाचा ओटा बाहेरच्याच खोलीत, भिंतीला लागून. खुर्चीवर पाहुणा बसला की त्याला स्वयंपाक करणाऱ्या बाईची पाठ दिसणार. त्या घराला आतलं असं काही नव्हतंच. दादाला पाणी प्यायचं तर पाहुण्याचे पाय ओलांडून जावं लागायचं. अर्थात पाहुणे तरी कुठले? सल्ला विचारायला कुणी येत नव्हतं. घरमालक यायचा, तो विचारायचा नाही, सांगायचा.

दादा डेपोत चटकन रुळला. कुठली बस कुठून कुठे जाते हे त्याला पाठ. बँक त्याच्या वाटेवर, गॅसचं दुकान त्याच्या वाटेवर, छोटीच्या शाळेचे सगळे कागद त्याच्या नावावर. तो बाहेर असायचा म्हणून त्याला माहीत असायचं आणि त्याला माहीत असायचं म्हणून तोच ठरवायचा. यात कुणी कुणावर जुलूम केला असं नाही. वहिनीचं राज्य कुणी हिसकावून घेतलं नाही. ते गावातच राहिलं, सामानाबरोबर आलं नाही, एवढंच.

आणि वहिनी? बांधावरची भांडणं मिटवणारी ही बाई गॅसवाला आला की दाराआड उभी राहून म्हणायची, हे घरी नाहीत. रस्ता ओलांडताना माझा दंड असा धरायची की माझ्या दंडावर वळ उठायचे. एकदा एकटी दोरा आणायला खाली गेली आणि येताना शेजारच्या तशाच दिसणाऱ्या इमारतीत शिरली. तिसऱ्या मजल्यावर जाऊन परक्या कुलपाशी झटत बसली. किल्ली फिरेना, तेव्हा तिला वाटलं कुलूप गंजलं. ती पायरीवर बसून दादाची वाट बघत राहिली, ती त्या घरचा माणूस येऊन ओरडेपर्यंत. त्यानंतर कितीतरी महिने ती खाली उतरलीच नाही. मला तिची दया येत होती, आणि खरं सांगायचं तर दयेपेक्षा राग जास्त येत होता. मी मनात म्हणायचे, अगं, तू कोण होतीस, आठव की जरा.

शेवटी मीच तिला ओढून धुलाईच्या कारखान्यात नेलं. आमच्या मागच्या गल्लीतच आहे. रुग्णालयांच्या आणि लॉजच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल असं तिथे येतं. पोत्यांतून काढायचं, डाग बघून वेगळं करायचं, धुवायचं, वाळवायचं, इस्त्रीच्या गरम रुळाखालून काढायचं आणि घड्या घालायच्या. आत इतकी वाफ की समोरची बाई आधी आवाजाने ओळखायची. चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहून चार कोपरे धरतात, एक झटका देतात आणि एकमेकींकडे चालत येतात. नवीन पोरी हिसका मारतात, मग घडी तिरकी पडते. वहिनी त्यांना म्हणायची, ओढू नकोस गं, नुसतं धर. पहिल्या आठवड्यात ती भीत भीत जात होती. सहा महिन्यांत सगळ्या तिला मोठीबाई म्हणायला लागल्या. कुणाची कामाची पाळी कुणी घ्यायची, कुणाला गरम रुळापासून काही दिवस लांब ठेवायचं, रुसलेलीला परत कसं बोलतं करायचं, हे तिच्याकडे आपोआप गेलं. तिने नाडीचे बूट घेतले. ती एकटी बसने फिरायला लागली. दुपारच्या चहाला फुटपाथवर उभी राहून बायकांबरोबर खदखदून हसताना मी तिला लांबून पाहिलं आणि मला इतका आनंद झाला की जणू तिला मीच घडवलं होतं. म्हटलं, झालं, गाडी रुळावर आली.

पण ते हसू घेऊन ती घरी येत नव्हती. कारखान्याच्या फाटकाशी ते कुठे ठेवून यायची देव जाणे. घरी आली की ती दादाला विचारायची, छोटीला सहलीला पाठवायची का? आणि खरोखर वाट बघायची. मी तिथे बसलेली असताना हे पाहिलं. गावात चपला घालून विचारणारी बाई इथे अनवाणी उभी राहून विचारत होती. मला ते खटकलं, पण त्यात वाईट काय आहे हे मला सांगता येईना. नवऱ्याला विचारणं हा काही गुन्हा नाही. मीही आमच्या ह्यांना विचारते. ते कधी ऐकत नाहीत ही गोष्ट वेगळी.

मग कारखान्याच्या मालकीणबाईंनी शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी जागा घ्यायचं ठरवलं. त्यांना सगळे मॅडम म्हणतात. मॅडमनी वहिनीला काचेच्या केबिनमध्ये बोलावून सांगितलं की नवी जागा तुम्ही सांभाळायची. कामाला कोण ठेवायचं, पाळ्या कशा लावायच्या, सगळं तुमच्या हातात. फक्त शनिवारपर्यंत सांगा, कारण सोमवारी सुरू करायचंय. वहिनी म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते."

तिथून ती थेट माझ्या दवाखान्यात आली. त्याआधी ती तिथे एकटी कधी आली नव्हती. चेहरा असा उजळलेला की रांगेत बसलेली, गाल सुजलेली माणसंसुद्धा तिच्याकडे बघायला लागली. तिच्या मनात जायचं ठरून गेलेलं होतं. बरोबर कुणाकुणाला न्यायचं, कुठल्या पोरीला घडीवरून काढून डागांच्या कामाला लावायचं, इथवर तिची गाडी पोचली होती. विचारून सांगते, हे ती नुसतं रीत म्हणून बोलली होती.

त्या रात्री जेवताना तिने दादाला सांगितलं की मॅडम नवी जागा सांभाळायला सांगतायत, आणि शेवटी सवयीने जोडलं, जाऊ का? दादाचा हात ताटात थांबला. तो म्हणाला, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी त्याने खरंच विचार केला. बसखाली आडवा पडून दिवसभर केला, असं त्याने मला नंतर सांगितलं. संध्याकाळी हात धुऊन बसला आणि म्हणाला, मी सगळ्या बाजूंनी विचार केला, नको.

वहिनीला आधी वाटलं, चेष्टा करतोय.

"मी विचारलं होतं कुठे?" ती म्हणाली. "मी सांगत होते."

"जाऊ का, म्हणालीस."

"ते तसं म्हणतात."

"मग मला कसं कळायचं," दादा म्हणाला, "कुठलं विचारणं खरं आणि कुठलं रीतीचं?"

हे संभाषण मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि छोटीने तिसऱ्यांदा नकला करून दाखवलं. तिघांच्या सांगण्यात काडीचा फरक नव्हता. त्यामुळे दोष कुणाला द्यायचा हेच मला कळेना. कुणी एकाने जरी खोटं सांगितलं असतं तरी माझं काम सोपं झालं असतं.

तरी मी दादाशी भांडायला गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभाव आहे. डेपोच्या फाटकासमोरच्या चहावाल्याकडे त्याला गाठलं आणि सुनावलं. तिच्या हुशारीवर तुझं घर उभं राहिलं, आता तिला कुठे चार माणसं विचारायला लागली तर तू आडवा येतोस, शहराची हवा तुला लागली की काय, वगैरे वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

मग म्हणाला, "गावात मी नुसता तोंड होतो गं. ते मला डाचत नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण इथे आल्यावर पहिल्यांदा माझं मला काही सुचायला लागलं. शाळा मी शोधली, जागा मी शोधली. वाईट शोधली का? आता तिनं विचारलं. माझ्या मनात आलं, छोटी शाळेतून येईल तेव्हा दाराला कुलूप असेल, ही अंधार पडल्यावर येईल, आणि मी कधी रात्रपाळीला. मला नको वाटलं. वाटलं ते बोललो. नवऱ्यानं मनापासून उत्तर द्यायचंच नसतं का?"

मी म्हटलं, छोटी माझ्याकडे थांबेल. तो म्हणाला, तू असतेस दवाखान्यात. मी म्हटलं, तिचं आयुष्य आहे. तो म्हणाला, छोटी दोघांची आहे. मी तावातावाने गेले होते ती त्याच्याच पैशाने चहा पिऊन परत आले. वाटेत स्वतःचाच राग येत राहिला, कारण त्याचं चुकतंय हे मला पक्कं ठाऊक होतं आणि कुठे चुकतंय ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. वहिनीच्या पायाखालची जमीन सरकली होती हे खरं. पण दादाच्या पायाखाली पहिल्यांदाच जमीन आली होती, हेही खरं. आणि दोन खोल्यांत जमीन असून असून असणार किती?

वहिनी माझ्याकडे आली तेव्हा मी तिला सरळ सांगितलं, मुकाट जा आणि हो म्हणून ये. ती कपड्यांच्या ढिगाशेजारी बसली आणि माझ्याच घरच्या टॉवेलांच्या घड्या घालायला लागली. तिचे हात रिकामे राहत नाहीत.

"मी आजवर ह्यांच्या शब्दाबाहेर गेले नाही, वन्सं."

मला हसू आलं. "त्याचा शब्द होता कुठे वहिनी? शब्द तुझाच होता."

"तेच तर. म्हणून कधी बाहेर जावं लागलं नाही."

 मग मला एक युक्ती सुचली आणि ती मला फार हुशारीची वाटली. म्हटलं, गावात करायचीस तसं कर. मॅडमना सांग, हे हो म्हणाले. दादाला काय, रस्त्यात कळेल. तो म्हणेल, हो, म्हणालो खरा. वहिनीने टॉवेल खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या युक्तीची लाज वाटली. गावात ते खोटं नव्हतं, ती म्हणाली. आता ते नाही म्हणालेत, आता ते खोटं होईल. मग बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. गावात सगळं तिच्या मनासारखं व्हायचं आणि नाव दादाचं असायचं, त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. इथे मॅडम तिला नावाने हाक मारतात, बायका मोठीबाई म्हणतात, आणि घरी पाऊल टाकलं की तिला स्वतःचंच काही सुचेनासं होतं. मी लहान झाले की मोठी झाले, तुम्हीच सांगा वन्सं, असं ती म्हणाली.  धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती आणि मी नुसती बाजूला उभी राहून सल्ले देत होते.

शनिवारी तिने मला बरोबर चला म्हणून सांगितलं. मी दवाखान्यात दात दुखतोय म्हणून कळवलं. दातांच्या दवाखान्यात असं कळवणं धोक्याचं असतं, पण दुसरं काही सुचलं नाही. मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही दोघी बसलो. काचेपलीकडे दोन पोरी चादर धरून उभ्या होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या, त्यामुळे त्यांची घडी काही पुढे सरकत नव्हती. मॅडम चांगली बाई. स्वतः गाडी चालवत येते, स्वतःच्या हिमतीवर तिने हा पसारा उभा केलाय. तिने चहा मागवला आणि विचारलं, मिस्टर काय म्हणाले? मग आपली अडचण सांगितली. यापूर्वी दोन बायकांना असं मोठं काम दिलं आणि महिन्याभरात त्यांच्या नवऱ्यांनी त्यांना काढून नेलं. म्हणून तुमच्या मिस्टरांशी मी एकदा फोनवर बोलून घेते, म्हणजे माझीही काळजी मिटेल. असं म्हणून तिने फोन उचललासुद्धा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, स्वतः गाडी चालवून, एवढा पसारा उभा करून, शेवटी हिलाही ह्यांनाच विचारायचंय. पण बोलणार कशी? मॅडमचं तरी काय चुकत होतं? दोनदा तिचे हात पोळले होते.

"फोन करू नका," वहिनी म्हणाली. "ते नाही म्हणालेत."

मॅडमने फोन खाली ठेवला आणि सुस्कारा टाकला. मग राहिलंच की, असं काहीतरी ती पुटपुटली.

"नाही. मी येते सोमवारपासून."

मॅडमने आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, जणू यातला खुलासा मी करणार होते. मग हळूच विचारलं, घरी भांडण नाही ना व्हायचं?

"माहीत नाही," वहिनी म्हणाली. "आमच्यात कधी झालेलं नाही."

बाहेर आल्यावर मला नाचावंसं वाटत होतं. मी तिचा हात धरला. मी काय बोलले आत, असं ती मला विचारत होती. आनंद झाला का, असं मी विचारलं. ती म्हणाली, ह्यांना आता सांगू कसं? रस्ता ओलांडताना तिने कितीतरी दिवसांनी पुन्हा माझा दंड धरला आणि म्हणाली, घरी चला माझ्याबरोबर, मला एकटीनं सांगता येणार नाही.

दादा नुकताच कामावरून आला होता. ओट्यापाशी उभा राहून हाताचं ग्रीस साबणाने घासत होता. छोटी जमिनीवर वह्या पसरून बसली होती. वहिनी बूट न काढताच खोलीच्या मध्यावर उभी राहिली आणि म्हणाली, मी हो सांगून आले. दादाने नळ बंद केला, हात पुसले. बोटं एकेक करून पुसली. मी मनात भांडणाची तयारी करून बसले होते. त्याने एक शब्द जरी वाकडा उच्चारला असता तर माझी दहा वाक्यं तयार होती.

"बरं," दादा म्हणाला.

छोटी म्हणाली, मग मला घराची किल्ली द्या. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"बरं म्हणजे काय?" वहिनीने विचारलं.

"बरं म्हणजे जा."

"पटलं तुम्हाला?"

"नाही."

"न पटता कसं म्हणता जा?"

"आजवर म्हणतच आलो की."

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. वहिनी खुर्चीवर बसली. मला वाटलं आता विषय संपला, आता चहा ठेवावा. मी उठलेसुद्धा. पण तिचा चेहरा बघून पुन्हा बसले. ती अगदी बारीक आवाजात विचारत होती, म्हणजे गावात असताना, आपण जे जे केलं, ते तुम्हाला पटायचं नाही?

"पुष्कळसं पटायचं," दादा म्हणाला. मग थांबून म्हणाला, "काही काही नाही."

"काय नाही?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, छोटीकडे पाहिलं. राहू दे आता, म्हणाला. वहिनी म्हणाली, नाही, सांगा.

"इकडे यायचं," दादा म्हणाला. "ते नव्हतं पटलं मला."

मला बाबांच्या समोर खाली मान घालून उभा राहिलेला दादा आठवला. तू घर मोडलंस, असं दहा माणसांत ऐकून घेतलं होतं त्याने, आणि वर्षभर बाबांचा अबोला सोसला होता. एकदाही त्याच्या तोंडून निघालं नाही की हे माझं ठरवणं नव्हे. आणि मी, घरात सगळ्यांत जास्त बोलणारी, मला इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही की त्याला विचारावं, दादा, तुला यायचं होतं का रे?

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" वहिनीने विचारलं.

"विचारलं होतंस कुठे? येतो म्हणा, म्हणालीस, आणि मी फोन ठेवेपर्यंत भांडी बांधायला घेतलीस." तो छोटीच्या वह्यांमधून वाट काढत खिडकीपाशी गेला. "आता विचारलंस, तर सांगितलं."

 छोटी एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती. मी जायला निघाले. निरोप देण्यासाठी म्हणून वहिनी माझ्यामागून तीन मजले खाली उतरून आली, आणि खाली आल्यावर जिन्याच्या दाराशी नुसती उभी राहिली. सोमवारी लवकर निघायचंय तर आता जेवून झोप, असं मी तिला म्हटलं. तिने मान हलवली, पण तिचं लक्ष नव्हतं.

"मला वाटायचं, आमच्या दोघांच्या मनात एकच असतं," ती म्हणाली. "म्हणून तर मी विचारत नव्हते. म्हणजे तेव्हाही मी एकटीच होते का, वन्सं, ते सगळं ठरवताना?"

मी म्हटलं, जा वर, तो वाट बघत असेल.

"जाते," ती म्हणाली, "पण वर जाऊन बोलू काय? मला वाटलं होतं मी ह्यांना ओळखते."